इंजिनबदलानंतरचे अस्थिर आयडलिंग

जुन्या मोटारीत मूळ इंजिनाऐवजी दुसरे इंजिन बसवल्यानंतर ॲक्सिलरेटर सोडलेल्या अवस्थेत ते एकसारखे न चालता अडखळणे, थरथरणे किंवा बंद पडणे, या दोषाला इंजिनबदलानंतरचे अस्थिर आयडलिंग असे म्हणतात. महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये 'गाडी मिसिंग मारते' किंवा 'रेस सोडली की बंद पडते' अशा शब्दांत या दोषाचे वर्णन केले जाते. बसवलेले इंजिन निरोगी असूनही हा दोष उद्भवू शकतो. याचे कारण असे की, इंजिन बदलताना हवेच्या नळ्या, इंधनाची वाहिनी, विद्युत तारा, नियंत्रणाच्या केबली आणि रबरी आधार या सर्व जोडण्या तोडून पुन्हा जोडाव्या लागतात, आणि त्या दुसऱ्या इंजिनासाठी आखलेल्या असतात. म्हणून या दोषाचे निदान करताना इंजिन उघडण्यापूर्वी या जोडण्या क्रमाने तपासणे योग्य ठरते.

संज्ञा आणि स्वरूप

वाहन उभे असताना आणि ॲक्सिलरेटर दाबलेला नसताना इंजिन ज्या किमान वेगाने स्वतःला चालू ठेवते, त्या अवस्थेला आयडलिंग म्हणतात. चार सिलिंडरांच्या जुन्या पेट्रोल इंजिनांत हा वेग सामान्यतः मिनिटाला ७०० ते ९०० फेरे इतका असतो. चारधावी इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. म्हणजे ८०० फेऱ्यांच्या वेगाला एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा आणि चारही सिलिंडर मिळून १,६०० वेळा ज्वलन व्हावे लागते. त्यांपैकी एक सिलिंडर निकामी झाला, तर शक्तीचा चौथा हिस्सा जातो. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरांच्या इंजिनात तिसरा हिस्सा जातो, त्यामुळे थरथर अधिक जाणवते.

वेग जास्त असताना फिरत्या चाकाची गती अशी तूट झाकून टाकते. आयडलिंगला मात्र इंजिनात हवा आणि इंधन अत्यल्प असते, थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि शक्तीचा साठा नसतो. त्यामुळे रस्त्यावर सुरळीत धावणारी गाडी सिग्नलला उभी राहताच अडखळू लागते. हवेची एखादी बारीक गळती मोठ्या वेगात नगण्य असते; आयडलिंगला तीच गळती मिश्रणाचे प्रमाण बिघडवण्यास पुरेशी ठरते.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रात इंजिनबदलाची परंपरा जुनी आहे. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. पेट्रोलवर चालणाऱ्या या जीपगाड्या पुढे ग्रामीण भागात प्रवासी आणि मालवाहतुकीसाठी वापरल्या गेल्या. पेट्रोलचा खर्च परवडेनासा झाल्यावर त्यांपैकी अनेकांत डिझेल इंजिने बसवण्यात आली. महिंद्रच्या इगतपुरी येथील कारखान्यात तयार होणारे प्यूजो रचनेचे २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन या गाड्यांच्या परिचयाचे होते.

प्रवासी मोटारींमध्ये मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी हे ठळक उदाहरण आहे. फियाट ११०० च्या रचनेवर आधारलेल्या या मोटारीत १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन होते. उत्पादन थांबल्यावरही या गाड्या दीर्घकाळ वापरात राहिल्या. मुंबईतील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. खासगी मालकांकडील गाड्यांसाठी मूळ इंजिनाचे सुटे भाग दुर्मीळ झाल्यावर दुसऱ्या पद्मिनीचे किंवा वेगळ्याच मोटारीचे जुने इंजिन बसवण्याचा मार्ग पत्करला जातो.

कारखान्यातील आणि गॅरेजमधील इंजिनबदल यांत महत्त्वाचा फरक आहे. प्रीमियरने १९८५ मध्ये आणलेल्या ११८ एनई या मोटारीत फियाट १२४ च्या बांधणीत निसानचे १,१७१ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवले होते. हिंदुस्थान मोटर्सनेही १९९० च्या दशकात ॲम्बॅसॅडरला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन दिले. या दोन्ही प्रसंगी इंजिनासोबत त्याचे आधार, वायरिंग, इंधनव्यवस्था आणि केबली यांचीही नव्याने आखणी झाली. गॅरेजमधील बदलात इंजिन नवे आणि जोडण्या जुन्या, अशी स्थिती राहते.

प्रमुख कारणे

हवेची गळती. इंजिनाच्या शोषणमार्गात (इनटेक मॅनिफोल्डमध्ये) आयडलिंगच्या वेळी तीव्र निर्वात असतो. नव्या इंजिनाच्या मॅनिफोल्डवर ब्रेक बूस्टरसाठी तोंड असेल आणि जुन्या गाडीत बूस्टरच नसेल, तर ते तोंड बंद करावे लागते. ते उघडे राहिल्यास न मोजलेली हवा थेट आत शिरते आणि मिश्रण पातळ होते. कार्ब्युरेटरखालचे जुने गॅसकेट पुन्हा वापरणे, मॅनिफोल्डचे नट असमान आवळणे, क्रँककेसमधील वायू परत नेणारी नळी चिरलेली असणे ही याच प्रकारची कारणे होत. गाडीत बूस्टर असल्यास त्याच्या नळीतील गळतीमुळे आयडलिंगबरोबरच ब्रेकही कमकुवत होतात.

प्रज्वलन. फियाट ११०० आणि पद्मिनीच्या इंजिनात ज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. अनेक चार सिलिंडरी इंजिनांत हाच क्रम असला, तरी गॅरेजमध्ये 'डेल्को' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची फिरण्याची दिशा निरनिराळी असू शकते. जुन्या गाडीच्या सवयीने तारा लावल्यास दोन तारांची अदलाबदल होते. इंजिनासोबत फ्लायव्हील किंवा पुली दुसऱ्या इंजिनाची लावलेली असेल, तर तिच्यावरील टायमिंगची खूण खोटी ठरते. अशा वेळी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर सर्वांत वर आला आहे की नाही, हे प्रत्यक्ष पाहूनच खूण ग्राह्य धरावी लागते. काही इग्निशन कॉइलांना मालिकेत रोधक लागतो. तो वगळल्यास कॉन्टॅक्ट पॉइंट लवकर जळतात आणि काही दिवसांतच मिसिंग सुरू होते.

इंधनपुरवठा. कार्ब्युरेटरला इंधन अत्यंत कमी दाबाने लागते, तर इंजेक्शनच्या इंजिनासाठीचा विद्युत पंप त्याच्या कित्येक पट दाब देतो. असा पंप कार्ब्युरेटरला जोडल्यास फ्लोटची सुई दाब रोखू शकत नाही, पेट्रोल ओसंडते आणि इंजिन काळा धूर टाकत अडखळते. केबल आखूड पडल्याने चोक अर्धवट ओढलेला राहणे, ॲक्सिलरेटरची केबल ताठ राहून थ्रॉटल पूर्ण न मिटणे, टाकीतील गंज आयडलच्या बारीक जेटमध्ये अडकणे हीदेखील नित्याची कारणे आहेत.

विद्युत जोडणी. इंजिन रबरी आधारांवर बसलेले असते आणि रबर विजेचे दुर्वाहक आहे. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड अर्थ पट्टी आवश्यक असते. ती लावायची राहून गेल्यास स्टार्टरचा प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलीतून परतण्याचा मार्ग शोधतो. केबल तापते, ठिणगी क्षीण होते आणि दोषाचे मूळ सापडत नाही. अनेक कार्ब्युरेटरांवर आयडलचे इंधन बंद करणारा एक विद्युत सोलेनॉइड असतो. जुन्या गाडीच्या वायरिंगमध्ये त्यासाठी तार नसते. तो न जोडल्यास गाडी रेसवर उत्तम चालते, पण आयडलिंगला मुळीच थांबत नाही.

यांत्रिक कारणे. व्हॉल्व्हच्या फटी (टॅपेट) चुकीच्या असणे, टायमिंगची साखळी किंवा पट्टा एका दात्याने चुकणे, व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या रिंगा झिजणे यांमुळेही आयडलिंग बिघडते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. त्यापूर्वीच्या काही इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका मऊ असतात. शिशाचे संरक्षण गेल्याने त्या झिजतात, व्हॉल्व्ह आत खचतो आणि टॅपेटची फट हळूहळू नाहीशी होते.

कंपने. प्रत्येक थरथर ही ज्वलनातील दोषामुळे होत नाही. कडक झालेले किंवा चुकीच्या मापाचे रबरी आधार, बॉडीला टेकलेला सायलेन्सर, दुसऱ्या इंजिनाचे फ्लायव्हील यांमुळे निरोगी इंजिनही केबिन हादरवते. सायलेन्सरच्या तोंडाशी येणारा ठोका एकसारखा असेल आणि तरीही गाडी थरथरत असेल, तर दोष आधारांत शोधावा. क्लच दाबल्यावर थरथर बदलत असेल, तर क्लच किंवा गिअरबॉक्सच्या जोडणीकडे लक्ष द्यावे. वेगाबरोबर थरथर वाढत जात असेल, तर फिरत्या भागांच्या असमतोलाचा संशय घ्यावा.

निदानाचा क्रम

निदानाचे काम कमी खर्चाच्या तपासणीपासून सुरू करून जास्त खर्चाच्या तपासणीकडे न्यावे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असल्यामुळे क्रम बदलल्यास आधीचे काम वाया जाते. पॉइंटची फट बदलली की टायमिंग बदलते. टायमिंग बदलले की आयडलचा वेग बदलतो. यामुळे कार्ब्युरेटरचे समायोजन नेहमी शेवटी येते.

१. इंजिन बंद ठेवून सर्व नळ्या, तारा आणि केबली डोळ्यांनी तपासाव्यात. मॅनिफोल्डवरील प्रत्येक तोंड एक तर जोडलेले किंवा बंद केलेले असले पाहिजे.

२. बॅटरी, अर्थ पट्टी आणि सोलेनॉइडची तार तपासावी. इग्निशन चालू करताना सोलेनॉइडचा 'टक' असा आवाज येतो.

३. टॅपेटच्या फटी बसवलेल्या इंजिनाच्या मापानुसार ठेवाव्यात. मूळ गाडीच्या पुस्तिकेतील मापे येथे लागू होत नाहीत.

४. प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलन दर्शवतो. काळी कोरडी काजळी दाट मिश्रण, ओले तेल रिंगांची झीज आणि पांढरट टोक पातळ मिश्रण सुचवते.

५. पॉइंटची फट, ज्वलनक्रम आणि नंतर टायमिंग ही तपासणी याच क्रमाने करावी.

६. इंजिन गरम झाल्यावर व्हॅक्यूम गेज लावावा. समुद्रसपाटीच्या आसपास निरोगी इंजिनाचा काटा साधारणतः ४३० ते ५३० मिलिमीटर पाऱ्यावर स्थिर राहतो. काटा स्थिर पण खाली असेल, तर हवेची गळती, मागे पडलेले टायमिंग किंवा व्हॉल्व्ह टायमिंगची चूक संभवते. काटा ठरावीक अंतराने झटका देत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह नीट मिटत नसतो. काटा संथपणे वरखाली होत असेल, तर मिश्रण तपासावे.

७. कॉम्प्रेशन मोजावे. येथे एका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा असतो. एकाच सिलिंडरचा आकडा खाली असेल, तर त्यात थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढल्यास रिंगा झिजल्या आहेत आणि तसाच राहिल्यास व्हॉल्व्ह गळत आहे, असा निष्कर्ष काढला जातो. लगतच्या दोन सिलिंडरांत दाब कमी असणे हे हेड गॅसकेट फुटल्याचे लक्षण असू शकते.

८. शेवटी कार्ब्युरेटर जुळवावा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून साधारण दीड फेरा उघडतात आणि गरम इंजिनाचा वेग सर्वांत जास्त होईल अशा जागी ठेवतात. मग वेगाच्या स्क्रूने फेरे कमी करून हीच कृती पुन्हा करतात. स्क्रू जोराने आवळल्यास त्याच्या टोकाला खाच पडते आणि त्यानंतर तो नीट जुळत नाही. स्क्रू फिरवूनही इंजिनावर परिणाम होत नसेल, तर आयडलचा जेट चोंदलेला असतो किंवा थ्रॉटल अधिक उघडा राहिलेला असतो.

इंजेक्शनची आणि डिझेल इंजिने

पेट्रोल इंजेक्शनच्या इंजिनात आयडलिंगचे नियंत्रण संगणक करतो. म्हणून इंजिनासोबत त्याचा मूळ संगणक, संवेदक आणि वायरिंग आणणे आवश्यक असते. वाहनाच्या वेगाचा संवेदक न जोडणे, संगणकाला योग्य अर्थ न मिळणे किंवा ऑक्सिजन संवेदकाच्या आधी सायलेन्सर गळणे यांमुळे संगणकाला चुकीची माहिती मिळते. गळक्या सायलेन्सरमधून बाहेरची हवा आत ओढली गेल्यास मिश्रण पातळ असल्याचा भास होतो आणि संगणक गरज नसताना इंधन वाढवतो.

जीपमध्ये बसवलेल्या जुन्या डिझेल इंजिनांत ठिणगी नसते आणि बहुधा थ्रॉटलही नसतो. त्यामुळे वरील अनेक कारणे तेथे लागू पडत नाहीत. तेथे पहिला संशय इंधनवाहिनीत शिरलेल्या हवेवर घ्यावा. पेट्रोलच्या टाकीची जुनी नळी वापरल्यास तिच्या सांध्यांतून हवा शोषली जाते आणि इंजिन लयीत वरखाली होते. त्यानंतर फिल्टर, परतीची नळी, नोझल आणि शेवटी इंजेक्शन पंपाचे टायमिंग तपासले जाते.

उंची, उष्मा आणि इथेनॉल

इंजिन कोठून आणले आणि कोठे वापरले जाते, यावरही आयडलिंग अवलंबून असते. मुंबईत वापरलेले इंजिन गंगापूर किंवा वैजापूर तालुक्यातील गाडीत बसवले, तर ते समुद्रकिनाऱ्यावरून दख्खनच्या पठारावर येते. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवा सुमारे ५ टक्के विरळ असते, म्हणून मुंबईत जुळवलेला कार्ब्युरेटर येथे किंचित दाट मिश्रण देतो. व्हॅक्यूम गेजवरील आकडाही सुमारे ५० मिलिमीटरने कमी येतो. मुंबईत ४८० दाखवणारे निरोगी इंजिन येथे ४३० दाखवते. हा दोष नव्हे. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते. इंधनाची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून नेली असेल, तर पेट्रोल नळीतच वाफाळते आणि गरम इंजिन आयडलिंगला बंद पडते.

इथेनॉलचा परिणाम उंचीच्या उलट होतो. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० इंधनास सुमारे १३.५ पट. जुने जेट ही गरज ओळखत नाहीत, म्हणून मिश्रण पातळ होते. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे आणि गॅसकेटे खराब करू शकते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत इंजिनबदलानंतर टाकी रिकामी करून ताजे इंधन भरणे आणि इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या वापरणे हितावह असते.

रेस वाढवण्याची प्रथा

दोष न शोधता आयडलचा स्क्रू आवळून फेरे १,२०० किंवा त्याहून अधिक ठेवण्याची प्रथा सर्वत्र आढळते. त्यामुळे लक्षण लपते, कारण कायम राहते. इंधन वाया जाते, गिअर टाकताना धक्का बसतो, उभे असताना इंजिन तापते आणि इग्निशन बंद केल्यावरही काही क्षण फिरत राहते. उताराला इंजिनाचा रोधही कमी मिळतो. याउलट, अस्थिर आयडलिंग म्हणजे इंजिनच खराब, अशा समजुतीने हेड उघडल्यास चांगल्या इंजिनाच्या दुरुस्तीवर मोठा खर्च होतो आणि बंद करायचे राहिलेले निर्वाताचे तोंड तसेच राहते.

प्रदूषण चाचणी आणि कायदा

पेट्रोल वाहनांची पीयूसी चाचणी आयडलिंगलाच होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल वाहनांसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची मर्यादा दहा लाख भागांत १,५०० भाग अशी आहे. मिसिंगमध्ये न जळालेले इंधन बाहेर पडत असल्याने हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. दाट मिश्रणात कार्बन मोनॉक्साइडचा. त्यामुळे चाचणीचा कागद निदानासाठीही उपयोगी पडतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील बदलासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते, आणि मान्यतेविना इंजिन बदलले गेल्यास १४ दिवसांत ते कळवावे लागते. नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशी जुळला नाही, तर विमा, विक्री आणि तपासणी या तिन्ही वेळी अडचण येते. जुने इंजिन खरेदी करताना पावती आणि क्रमांक तपासणे यासाठी आवश्यक आहे. कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. तसेच २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी असल्यास त्याच्या इंजिनात महत्त्वाचा बदल झालेला चालत नाही. दुर्मीळ गाडीचे मूळ इंजिन भंगारात देण्यापूर्वी ही तरतूद ध्यानात घ्यावी लागते.

सुरक्षितता

आयडलिंगची तपासणी चालू इंजिनावर होत असल्याने ती मोकळ्या हवेत करावी. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडमुळे मृत्यू ओढवू शकतो. गळती शोधण्यासाठी मॅनिफोल्डवर पेट्रोल शिंपडण्याची पद्धत आगीला निमंत्रण देते. त्याऐवजी सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारल्यास गळतीच्या जागी इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या इंजिनात चालू स्थितीत प्लगची तार ओढल्यास मॉड्यूल निकामी होते आणि जोरदार विजेचा धक्का बसतो. डिझेलच्या नोझलमधून उच्च दाबाने बाहेर पडणारा फवारा त्वचेत शिरू शकतो. त्याची गळती हाताने तपासू नये.